पेनाइल इम्प्लांट : साखर उतरवण्यापासून पंप चालू होईपर्यंतच्या नोंदी

वय ५६. मधुमेह चौदा-पंधरा वर्षांचा. सांगलीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, सबमर्सिबल पंप उघडणं हा रोजचा धंदा. गोळ्यांनी ताठरता येत नसेल तर लिंगात कायमचं यंत्र बसवतात, ते हे पेनाइल इम्प्लांट. ज्याला हेच ऑपरेशन करायचंय किंवा करावं की नाही असं वाटतंय त्याच्यासाठी या नोंदी. ऑपरेशन कसं करतात ते तुमचे डॉक्टर सांगतील. इथं आधी काय अडलं, नंतर काय दुखलं आणि पैसे कुठं गेले एवढंच. माझ्या डॉक्टरांनी मला सांगितलेलं तुम्हाला तसंच्या तसं लागू होईल असं नाही, हे धरूनच वाचा.

१८ जानेवारी २०२४

पुण्यात युरॉलॉजिस्टकडं पहिली भेट. याआधीच्यांनी गोळीचा डोस वाढवत नेला होता. सिल्डेनाफिल १०० पर्यंत, मग टॅडालाफिल २०. डोकं दुखायचं, नाक चोंदायचं, खाली काही नाही. बाहेरून हवा ओढून ताठरता आणणारा व्हॅक्यूम पंप वापरून बघितला. काम होतं, पण रबरी रिंग लावल्यावर सगळं गार पडतं आणि बायको म्हणाली, "अहो, हे काय पंक्चर काढायचं काम आहे का?" तो बंद केला. त्याच्याही आधी एसटी स्टँडमागच्या भिंतीवर ज्यांच्या जाहिराती रंगवलेल्या असतात त्यांच्याकडं सत्तरेक हजार गेले. तेलानं कातडी भाजली. तो पैसा खालच्या हिशेबात धरलेला नाही, बुडीत खाती.

आज डॉपलर केलं. लिंगात पॅपाव्हेरिनचं इंजेक्शन देऊन सोनोग्राफीवर रक्ताचा प्रवाह बघतात. सुईला घाबरू नका, मुंगी चावल्याएवढीच ती. ताठरता निम्मी आली आणि तीही टिकली नाही. रक्त येतंय कमी आणि आलेलं थांबत नाही, दोन्हीकडनं मार. सोडताना बजावून सांगितलं की या इंजेक्शननंतर चार तासांच्या वर ताठर राहिलं तर मध्यरात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं, लाजत घरी बसायचं नाही.

इम्प्लांटचं बोलणं निघायच्या आधी डॉक्टरांनी हृदयाच्या तपासण्या लिहून दिल्या. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, त्यामुळं तुंबायचं असेल तर तिथं आधी तुंबतं. काही जणांना छातीत कळ येण्याच्या काही वर्षं आधी हीच तक्रार सुरू झालेली असते म्हणे. टू-डी एको आणि स्ट्रेस टेस्ट झाली, ठीक निघाली.

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९.८. डॉक्टर म्हणाले, आठच्या खाली आणा, मग तारीख बोलू. साखर चढलेली असताना बाहेरची वस्तू शरीरात घातली आणि तिला जंतुसंसर्ग झाला, तर औषधानं भागत नाही, अख्खं यंत्र काढावं लागतं. आणि काढल्यावर आत आवळतं, दुसरं बसवणं अवघड होतं. वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

३ फेब्रुवारी

सौ.ला घेऊन गेलो. डॉक्टरांनीच सांगितलं होतं की एकट्याशी हे बोलणं मी पुरं करत नाही.

प्रकार दोन. एक सळईचा, ज्याला मॅलिएबल म्हणतात. दोन लवचिक कांड्या कायमच्या आत. वर करायचं, खाली वाकवायचं, बस. यात भारतीय बनावटीचं शहा इम्प्लांट मिळतं, मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांचं. ते परदेशी मालाच्या मानानं खूपच स्वस्त पडतं. दुसरा प्रकार फुगवण्याचा. दोन सिलिंडर लिंगात, पंप अंडकोषाच्या पिशवीत, पाण्याची टाकी पोटात मूत्राशयाजवळ. आत सलाइन भरलेलं. पंप दाबला की टाकीतलं पाणी सिलिंडरमध्ये, बटण दाबलं की परत टाकीत. बाहेरून काही दिसत नाही. ही तऱ्हा १९७३ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी आणली. म्हणजे नवीन खेळणं नव्हे, पन्नास वर्षं चाललेली वस्तू.

टेबलावर नमुना ठेवला होता. माझा हात आपसूक तिकडं गेला. एक्झॉस्ट कुठं, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह कुठं, सील कशाचं, सगळं विचारलं. डॉक्टर हसले, म्हणाले, पेशंट पहिल्यांदाच मला पाइपचा व्यास विचारतोय. माझं गणित उलटं होतं. ज्याला हलता भाग आहे तो आज ना उद्या वर काढावा लागतो, हे माझ्या धंद्यात मी रोज बघतो. त्या हिशेबानं सळई बरी. यंत्र साधारण दहा-पंधरा वर्षं चालतं, मग बदलायला लागू शकतं, हे डॉक्टरांनीही लपवलं नाही.

सौ.नं दोनच प्रश्न विचारले. नातीला मांडीवर घेता येईल का, आणि धोतर नेसून पूजेला बसले तर दिसेल का. सळईत ते थोडं जाणवतं, कपड्यांची सवय करावी लागते, असं उत्तर आलं. तिथंच फुगवण्याचा ठरला. दुसरं कारण डॉक्टरांनी दिलं. जुन्या मधुमेहात संवेदना कमी झालेल्या असतात, सळईचा दाब टोकाला सतत राहतो आणि आतून कातडी झिजली तरी पेशंटला कळत नाही. फुगवण्याचं यंत्र एरवी रिकामं, दाब नाही. फक्त बोटांत जोर पाहिजे. ज्याची बोटं मधुमेहानं बधिर आहेत किंवा संधिवातानं वाकलीत त्यानं नमुन्यावर आधी दाबून बघावं. माझी बोटं तांब्याची तार ओढून ओढून तयार आहेत.

आणखी एक गोष्ट सौ.समोर केली. लिंग हलक्या हातानं ताणून पट्टीनं मोजलं, आकडा फाइलमध्ये लिहिला, दोघांच्या सह्या घेतल्या. ऑपरेशननंतर यापेक्षा जास्त लांबी मिळणार नाही, मनाला तर थोडी कमीच वाटेल. इच्छा वाढणार नाही, ती हार्मोनची गोष्ट. लघवी, वीर्य, सुखाचा क्षण आधी जसा तसाच. आणि परतीचा रस्ता नाही. आतला स्पंजासारखा भाग बाजूला सरून सिलिंडरला जागा होते, त्यामुळं नंतर गोळ्यांवर यायचं म्हटलं तर येता येत नाही. हे ऐकून रात्री झोप लागली नाही, हेही लिहून ठेवतो.

११ एप्रिल

परवाच गुढीपाडवा झाला. श्रीखंड जिभेला लावलं नाही. फिजिशियननं ग्लार्जिन इन्सुलिन सुरू केलं आणि सोबत डापाग्लिफ्लोझिन. साखर उतरली, ८.२. पण हे दुसरं औषध जास्तीची साखर लघवीतून बाहेर टाकतं, आणि लघवीत साखर म्हणजे बुरशीला आमंत्रण. पुढच्या कातडीला खाज, पांढरा थर, मग चिरा. कातडी मागं सरेना. दुकानात उन्हाळ्याचा हंगाम, रोज जळालेल्या मोटारींची रांग, त्यात खाजेनं जीव नको.

युरॉलॉजिस्टनी बघताच सांगितलं की ही अवस्था असताना इम्प्लांट होणार नाही. मे महिन्याचं बोलणं चाललं होतं ते गेलं. डापाग्लिफ्लोझिन बंद, मलम आणि फ्लुकोनाझोल. तुमची साखर याच औषधावर असेल आणि इम्प्लांट डोक्यात असेल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. माझे दोघं एकमेकांना फाइलमधूनच ओळखत होते. ज्यांना या गोळीचा त्रास होत नाही त्यांनाही ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी ती थांबवायला सांगतात, कारण उपाशीपोटी रक्तात आम्ल वाढायचा धोका असतो.

२९ एप्रिल

चिरा भरल्या पण कातडी आक्रसली. इम्प्लांटच्या वेळीच कापू का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही एकत्र नको, हे आधी पूर्ण वाळू दे. आज सुंता. तासाभराचं काम, लोकल भूल, संध्याकाळी गाडीत. खर्च २२,०००. घरात कुणाला सांगितलं नाही. आठवडाभर लुंगीवर होतो, दुकानात पोरांना सांगितलं मांडीला गळू झालंय.

दुखण्यापेक्षा उघडी पडलेली कातडी कापडाला घासते त्याचा वैताग जास्त. व्हॅसलिनची पट्टी ठेवली की बरं.

२४ जून

एचबीएवनसी ७.३! आंब्याच्या दिवसांत हा आकडा आणलाय, कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथं सांगतो. भाकरीच्या जागी भात येऊ दिला नाही, रोज सकाळी आमराईत चालणं आणि रात्रीचं जेवण आठच्या आत, बाकी काही गुपित नाही.

बाकीची तयारी भराभर. लघवीचं कल्चर, त्यात जंतू निघाले, गोळ्यांचा कोर्स, पुन्हा कल्चर, स्वच्छ. किडलेली दाढ काढून घेतली, कारण शरीरात कुठंही पू नको. जांघेत नायटा आहे का ते टॉर्च लावून बघितलं. रक्त पातळ ठेवायची इकोस्प्रिन गोळी फिजिशियनला विचारून पाच दिवस आधी बंद करायची ठरलं. मनानं बंद करू नका, ज्यांना स्टेंट आहे त्यांनी तर अजिबात नाही. तंबाखू मी सोडलीच होती.

तारीख १० जुलै. मुद्दाम. पाऊस लागला की शेतीपंप बंद, दुकान थंड. जो काळ धंद्यात फुकट जातो तोच अंथरुणात घालवायचा.

मेडिक्लेमनं नकार दिला. पॉलिसीच्या मागच्या पानावर वगळलेल्या आजारांत लैंगिक दुबळेपणाचे उपचार होते. मधुमेहामुळं झालंय, असं पत्र डॉक्टरांनी दिलं, उपयोग नाही. एफडी मोडली. सौ. म्हणाली, "मोडा. पोरांची लग्नं झाली, आता कुणासाठी ठेवायची?"

९ जुलै

दुपारी भरती. तीन दिवसांपासून क्लोरहेक्सिडिनच्या साबणानं आंघोळ चालू आहे, पोटापासून मांडीपर्यंत. केस घरी काढायचे नाहीत हे लक्षात ठेवा. ब्लेडची बारीक चीर म्हणजे जंतूंना दार. ते हॉस्पिटलमध्येच मशिननं काढतात.

नातेवाइकांना हर्निया सांगितलंय. जागा जवळची, विश्रांती तेवढीच, जड उचलायचं नाही हेही तेच. ही थाप चांगली बसते, पण पुढं वाचा.

१० जुलै

पाठीत भूल. कंबरेखाली बधिर, कान उघडे. पडद्यापलीकडं काय चाललंय ते ऐकू येत होतं. सिस्टर एका भांड्यात सलाइन घेऊन यंत्राच्या नळ्यांतली हवा काढत होती, डॉक्टर म्हणाले, "एकही बुडबुडा नको." बरं वाटलं. मी पोरांना वीस वर्षं हेच ओरडून सांगतोय.

मग आवाज आला, "अठराचा सिलिंडर, मागं दीडचा एक्स्टेंडर." अठरा सेंटिमीटर ऐकून हुरळू नका. त्यातला मोठा भाग अंगाच्या आत, मुळाशी बसतो. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजून माप ठरवतात, आधी सांगता येत नाही, म्हणून ऑपरेशनच्या वेळी सगळी मापं हाताशी ठेवलेली असतात. चीर एकच, लिंग आणि पिशवी जिथं मिळतात तिथं.

यंत्रं दोन कंपन्यांची दाखवली होती. एकावर रिफाम्पिसिन आणि मिनोसायक्लिन या औषधांचा थर कारखान्यातूनच येतो, दुसऱ्याचा थर असा की बसवताना अँटिबायोटिकच्या पाण्यात बुडवला की ते शोषून घेतो. कुठलं घ्यायचं ते मी डॉक्टरांवर सोडलं. ज्या स्पॅनरची हाताला सवय आहे तोच हातात द्यावा.

सव्वा तासात बाहेर. लघवीसाठी कॅथेटरची नळी, साठलेलं रक्त बाहेर काढायला एक ड्रेनची नळी, सगळ्याला घट्ट पट्टी. सिलिंडर रात्रभर अर्धे फुगवून ठेवले होते, आत रक्त साठू नये म्हणून. भूल उतरली ती रात्री दहाच्या सुमारास. त्यानंतरचे काही तास वाईट.

११ जुलै

सकाळी कॅथेटर काढला. लघवी होईना. नळ सोडून ठेवला, उभा राहिलो, काही नाही. दुपारपर्यंत झाली नाही तर पुन्हा नळी, असं सिस्टर सांगून गेली आणि अर्ध्या तासात झाली. ड्रेन संध्याकाळी निघाली. सिलिंडर डॉक्टरांनी रिकामे केले. ती पाच मिनिटं दात आवळून काढली.

१४ जुलै

पुण्यात मेहुण्याकडं आहे. सांगलीचा साडेचार-पाच तासांचा रस्ता लगेच नको म्हणून.

आज आरशात बघितलं. पिशवी म्हणजे कृष्णाकाठचं भरताचं वांगं, रंगानं आणि आकारानंही. काळानिळा डाग मांडीपर्यंत उतरलाय. सौ. घाबरली. हे सांगितलेलं होतं तरी बघताना पोटात गोळा येतोच. बर्फ रुमालात गुंडाळून, थोडा वेळ ठेवायचा, थोडा वेळ काढायचा. थेट कातडीला नाही, बधिर कातडी भाजलेली कळत नाही.

खरा त्रास मात्र संडासचा. दुखण्याची ट्रामाडॉल पोट बांधून टाकते. कुंथलं की टाके ओढतात, टाकीच्या जागी कळ येते. पोट साफ करणारं लॅक्टुलोज पहिल्या दिवसापासून घ्यायला हवं होतं. मी तिसऱ्या दिवशी मागितलं. इसबगोल आणि कोमट पाण्यावर गाडी आज रुळावर आली.

लिंग पोटाकडं वर करून घट्ट चड्डीत ठेवायचं. खाली लोंबत ठेवलं तर सिलिंडरभोवतीचं आवरण तसंच बनतं आणि पुढं फुगवल्यावर खाली वाक राहतो. पावसाळ्यात चड्ड्या वाळत नाहीत. डझनभर आणल्या, इस्त्री करून कोरड्या केल्या. दमट चड्डी म्हणजे जांघेत बुरशी, आणि तो धडा एप्रिलमध्ये मिळालेला होता.

१९ जुलै

सांगलीत. परवा आषाढी झाली, उपास केला नाही. साबुदाण्यानं साखर उडते आणि जखम भरायला प्रथिनं लागतात. विठोबा समजून घेईल.

आज ताप ९९.६ वाटला म्हणून गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांना दाखवलं. त्यांना खरं सांगितलं. भला माणूस, पण सूज बघून म्हणाले, "सुईनं पाणी काढून टाकू, हलकं वाटेल." सुदैवानं सौ.नं आधी पुण्याला फोन लावला. तिकडून जवळजवळ ओरडूनच उत्तर आलं, कुणीही सुई लावायची नाही. सुई नळीला लागली तर यंत्र फुटलं, नाही लागली तरी जंतू आत गेले. सूज आपोआप जिरते. डिस्चार्ज कार्डवर ही ओळ लाल शाईनं लिहून घ्या आणि गावातल्या डॉक्टरांच्या हातात पहिल्यांदा तेच द्या.

फोटो व्हॉट्सअॅपवर मागवले. जखमेच्या एका टोकाला पाणी सुटत होतं, ते विरघळणाऱ्या टाक्याचं निघालं. खरं लक्ष कशावर ठेवायचं तेही सांगितलं. दुखणं कमी होत होत पुन्हा वाढायला लागणं, लाली पसरणं, पू, ताप, आणि पंप आतून कातडीला चिकटून बसणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी पुण्याला.

२६ जुलै

कृष्णेचं पाणी चढतंय. सगळी सांगली आयर्विन पुलाच्या पट्टीकडं डोळे लावून. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि माझ्या दुकानात छतापर्यंत चिखल होता, त्यामुळं आमच्या गल्लीत कुणी आकड्याची वाट बघत बसत नाही.

तीस-तीस किलोच्या मोटारी माळ्यावर चढवायच्या, आणि मला पाच किलोच्या वर उचलायला बंदी. खुर्ची टाकून बसलो, चेन पुलीवर पोरं. वाइंडिंग मशिन कसं तिरकं करायचं ते तोंडानं सांगता येत नाही, हे आज कळलं. दोनदा उठून हात पुढं केला आणि मागं घेतला. माल चढला, पण दिवसभर बसून-उभं राहून पिशवी पुन्हा सुजली. रात्री उशी कमरेखाली घालून पाय वर.

शेजारच्या तात्यांचं गेल्या वर्षी खरोखर हर्नियाचं झालंय. ते खुर्ची ओढून बसले. जाळी कुठल्या कंपनीची? दुर्बिणीनं की चिरून? डावा की उजवा? मी डावा म्हणालो, सौ. त्याच वेळी चहा घेऊन आली आणि उजवा म्हणाली. "दोन्हीकडं," म्हणून वेळ मारून नेली. थाप मारायची तर नवरा-बायकोनं आधी बाजू ठरवून घ्या.

५ ऑगस्ट

पाणी उतरलं. दुकान वाचलं. सूजही जवळपास गेली.

सध्याचं काम एकच. रोज कोमट पाण्याच्या आंघोळीत पंप बोटांनी चाचपायचा आणि हलकेच खाली ओढायचा. जखम आवळताना पंप वर सरकतो, वर गेला की पुढं बोटांत सापडत नाही. पहिल्या दिवशी मला तिसरी गोटी कुठली तेच कळेना. पंप लांबट आणि कडक, वरच्या बाजूला चौकोनी ठोकळा, त्यावर सोडायचं बटण. डोळे मिटून ओळखता यायला लागलं की समजायचं जमलं.

२३ ऑगस्ट

सहा आठवडे उलटले. पुण्यात पंप चालू करून दिला. पहिलं फुगवणं डॉक्टरांनी, दुसरं मी. घट्ट असतो, पहिला दाब जोरात द्यावा लागतो, मग सलाइन सरकल्याचं बोटांना कळतं. सिलिंडर भरत आले की पंप कडक होतो. दुखतं. आतलं नवं आवरण ताणलं जातं त्याचं ते दुखणं. सोडायला बटण चारेक सेकंद दाबून धरायचं, मग लिंगावर हलका दाब द्यायचा.

रोज दोनदा फुगवून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, मग सोडायचं. नुसता सराव, बाकी काही नाही. हा सराव चुकवणाऱ्यांचं आवरण आवळतं आणि टाकीकडंही पाणी नीट परतत नाही.

२७ ऑगस्ट

सकाळी सराव केला आणि सुटेना. बटण सापडतच नव्हतं, सूज थोडी बाकी असल्यानं ठोकळा फिरलेला. तेवढ्यात दारात गिऱ्हाईक, जळालेला स्टार्टर घेऊन, "मालक आहेत का?" सौ.नं आंघोळीला गेलेत म्हणून बाहेर बसवलं. मी आत घामाघूम. कोमट पाण्यात बसल्यावर कातडी सैल झाली, पंप एका हातानं खाली ओढून धरला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं ठोकळ्याची कड शोधली. सुटलं.

एका हातानं करायचा प्रयत्न करू नका. एक हात धरायला, एक दाबायला. पुढच्या चार दिवसांत ही अडचण राहिली नाही.

१५ सप्टेंबर

गणपतीचे पाहुणे परतले, घर रिकामं. डॉक्टरांची परवानगी आधीच मिळाली होती.

सौ.नं तिच्या बाईडॉक्टरांना ऑगस्टमध्येच दाखवलं होतं. पाळी जाऊन तिला पाच वर्षं झालीत, आणि आमच्यात काही वर्षं काही झालेलंच नव्हतं. त्यांनी कोरडेपणासाठी क्रीम दिलं आणि पाण्याचं लुब्रिकंट वापरा म्हणून सांगितलं. नवऱ्याच्या ऑपरेशनवर लाखो रुपये घालून बायकोची तपासणी विसरणारी मंडळी असतात असं त्या म्हणाल्या. आमच्या यादीतही ती नव्हती, सौ.च्या डोक्यातून आली.

झालं कसं, तर अवघडल्यासारखं. पंप दाबताना दोघांनाही हसू आलं. ताठरता पुरेशी होती, टिकली, आणि सोडेपर्यंत जात नाही याची गंमतही वाटली. मला शेवटापर्यंत पोचता आलं नाही, लक्ष सगळं यंत्रावर. दुसऱ्या आठवड्यात पोचलो. वीर्य, संवेदना पूर्वीसारखीच, म्हणजे मधुमेहानं जेवढी ठेवली होती तेवढी.

एक तक्रार आहे. टोकाचा भाग फुगत नाही, तिथवर सिलिंडर जात नाहीत, तो मऊ आणि थोडा गार राहतो. डॉक्टरांनी टॅडालाफिल ५ रोज घेऊन बघायला सांगितलं. जी गोळी एकटी काही करत नव्हती ती आता थोडी उपयोगी पडते. नायट्रेटची गोळी, सॉर्बिट्रेट वगैरे, चालू असणाऱ्यांना ही घेता येत नाही.

२८ ऑक्टोबर

हिशेब. यंत्र ४,१०,०००. हॉस्पिटल, भूल, सर्जन मिळून १,६५,०००. सुंता २२,०००. तपासण्या, औषधं, दाढ मिळून साधारण ३१,०००. गाडीभाडं वेगळं, राहायला मेहुण्याचं घर होतं म्हणून वाचलं. सहा लाखांच्या वर गेलं. हॉस्पिटल आणि शहर बदललं की हे आकडे बदलतात. कोटेशन घेताना यंत्र, पॅकेज आणि अँटिबायोटिक वेगवेगळं लिहून मागा. मला पहिल्या कोटेशनमध्ये यंत्राचा जीएसटी धरलेला नव्हता. वॉरंटी वस्तूची असते, बदलताना ऑपरेशनचा खर्च आपलाच.

लांबी पट्टीनं मोजली तर फाइलमधल्या आकड्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर कमी. मनाला दोन कमी वाटते. सरावानं थोडी सुटते म्हणतात, बघू.

जिना चढताना किंवा पोटावर दाब आला की कधी कधी अर्धवट फुगतं. आपोआप. टाकीवर दाब आला की पाणी सरकतं. आता नव्या पंपांत ते अडवणारा व्हॉल्व्ह असतो, माझ्यातही आहे, तरी थोडं होतं. बटण दाबून सोडून देतो.

१२ जानेवारी २०२५

सहामाही तपासणी. पंप जागेवर, जखमेची रेघ शोधावी लागते. एचबीएवनसी ७.१.

पाकिटात इम्प्लांटचं कार्ड ठेवलंय, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर. एमआरआयच्या आधी ते दाखवायचं, बहुतेक इम्प्लांटना एमआरआय चालतो. कधी बेशुद्ध पडलो आणि कुणी कॅथेटर घालायला घेतला तर यंत्र आधी रिकामं करायला हवं, हे सौ.ला आणि मुलाला माहीत असलं पाहिजे. म्हणून मुलाला सांगितलं. जावईबुवांना अजून हर्नियाच.

गेल्या आठवड्यात मिरजेच्या एका ओळखीच्या माणसानं विचारलं, त्याची साखर अकरा आहे आणि त्याला मार्चमध्ये ऑपरेशन हवंय. त्याला म्हटलं, मार्च सोड, आधी दाढा आणि जांघ दाखवून घे, साखरेचं फिजिशियनकडं सुरू कर, आणि पुण्याला येताना वहिनींना घेऊन ये. त्यानं विचारलं, ती कशाला? सौ.कडंच फोन दिला असता, पण तिनं नको म्हणून खूण केली आणि स्वतःच वहिनींना लावला. दोघी पाऊण तास बोलल्या. काय बोलल्या ते मला सांगितलेलं नाही.

पुढची तपासणी जुलैमध्ये.